सरकार म्हणजे कोण, बाई?

आदरणीय ताई,

धाराशिव जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शाळा द्विशिक्षकी, पट ३४. तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र. मूळची मी पश्चिम महाराष्ट्रातली, बदलीने इथे आले. गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं आहे.

भाषा-गणिताचं बरं चाललंय. अडतं ते परिसर अभ्यासात. शिवाजी महाराजांचे धडे मुलं सनावळ्यांसकट घडाघडा म्हणतात, पण 'महाराज आधी की गांधीजी आधी?' असं विचारलं की वर्गात दोन तट पडतात. कारभाराचं तर विचारूच नका. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा असा तक्ता फळ्यावर काढला, तर चौथीतल्या एकीने विचारलं, "सरकार म्हणजे कोण, बाई? ते कुठं राहतं?" मी म्हटलं, मुंबईत. ती म्हणाली, "मग आमच्या घराला सरकारी घर का म्हणतात?" मला नीट सांगता आलं नाही.

दुसरं असं, की १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनानंतर मी मुलांना रझाकारांविषयी चार शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी एक पालक आले. भांडले नाहीत, पण 'माझ्या पोराला बाकीची पोरं काहीबाही बोलली' एवढं सांगून गेले. तेव्हापासून पुस्तकाबाहेर पाऊल टाकायला मी कचरते.

एवढ्या लहान मुलांना आपल्या राज्याचा इतिहास आणि कारभार शिकवायचा तरी कसा? केंद्रप्रमुख म्हणतात, तक्ते लावा. तक्ते लावलेत.

— एक शिक्षिका

*

प्रिय बाई,

तुमच्या पत्रातलं 'तक्ते लावलेत' हे शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. तक्त्यांना माझा विरोध नाही, भिंत झाकायला ते चांगले असतात.

पण त्या चौथीतल्या मुलीने तुमचा निम्मा अभ्यासक्रम एका प्रश्नात आणून ठेवलाय. इतिहास आणि नागरिकशास्त्र हे दोन वेगळे विषय आहेत, ही सोय आपली, वेळापत्रक आखणाऱ्यांची. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात तशी भिंत नसते. त्याला एवढंच कळून घ्यायचं असतं: हे कोणी ठरवलं? ठरवताना कोणाला विचारलं? पैसा कुठून आला? हे तीन प्रश्न वर्गाच्या दारावर खडूने लिहून ठेवा आणि धडा महाराजांचा असो की ग्रामपंचायतीचा, दर वेळी तेच विचारा. माझा सगळा सल्ला खरं तर इथेच संपतो. पुढचं सगळं तो वापरायचा कसा, याबद्दल.

सुरुवात त्या सरकारी घरापासूनच करा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेतच गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. राज्य सरकारने पन्नासहून जास्त गावं नव्या जागी हलवायचं ठरवलं. गावठाणासाठी जमिनी घेतल्या, नकाशे केले, जागतिक बँकेचं कर्ज काढलं, काही गावं संस्थांनी बांधून दिली. आता मुलांना दारावरचे तीन प्रश्न विचारू द्या. कोणी ठरवलं? सरकारने. कोणाला विचारलं? इथे आजी-आजोबा एकमेकांशी वाद घालतील, घालू द्या. कुणी म्हणेल गावसभा झाली होती, कुणी म्हणेल आम्हाला कोण विचारतंय. पैसा कुठून आला? कर्ज, आणि कर्ज फेडायला कर.

मग थोडं पुढे जा. पुनर्वसनात ज्याची जमीन जास्त त्याला घर मोठं, भूमिहीनाला सगळ्यात लहान, असे गट पाडले होते. मुलांना विचारा, हे बरोबर होतं का? घरात माणसं किती, यावर घर द्यायला हवं होतं का? चौथीची मुलं यावर कडाडून बोलतात, कारण कोणाचं घर केवढं हे त्यांना तोंडपाठ असतं. तुम्ही निकाल देऊ नका. 'ठरवणाऱ्यांनी असं का ठरवलं असेल?' एवढं विचारून बाजूला व्हा. धोरण म्हणजे काय, ते मुलांना व्याख्येशिवाय कळेल.

एक पथ्य मात्र पाळा. या गावातल्या कितीतरी घरांत त्या रात्री गेलेल्या माणसांच्या तसबिरी आहेत. मुलांना 'तुमच्या घरातलं कोण गेलं?' हे विचारायला पाठवू नका. 'नवं गाव कसं उभं राहिलं?' हे विचारायला पाठवा. ज्याला पहिलं सांगायचंय तो आपणहून सांगेल.

आता तुमचं गाव जमिनीवर एकदा हललं, पण कागदावर किती वेळा हललंय ते पाहा. तुम्ही मूळच्या तिकडच्या, म्हणून हे मुद्दाम सांगते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबरला संस्थान भारतात आलं, पण हैदराबाद राज्य तसंच राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबईच्या द्विभाषिक राज्यात आला, ज्यात गुजरातही होता. आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे १९४० साली जन्मलेलं मूल घराचा उंबरा न ओलांडता वीस वर्षांचं होईपर्यंत चार कारभारांखाली राहिलं. त्यावर परवा परवा, २०२३ ला, जिल्ह्याचंही नाव बदललं.

तुमच्या माहेरच्या गावाची गोष्ट निराळी असेल. तिकडे कुठे इंग्रजांचा मुंबई इलाखा होता, कुठे कोल्हापूर, सांगली, औंध अशी संस्थानं. विदर्भ मध्य प्रांतात होता आणि नागपूर त्याची राजधानी. म्हणून तर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं, आणि हिवाळी अधिवेशन आजही तिकडे भरतं. महाराष्ट्र ही वस्तू १९६० साली जोडलेली आहे, हे मुलांना नकाशाचे तुकडे जोडून दाखवा. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर राज्याचा नकाशा चिकटवायचा, मुंबई इलाख्याचा भाग, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मराठवाडा असे तीन तुकडे कापायचे, तिसरीच्या मुलांच्या हातात द्यायचे. चौथीच्या मुलांनी कोणता तुकडा कुठून आला ते सांगायचं. एकत्र वर्गाची कटकट आहे खरी, पण इथे ती कामाला येते.

हा महाराष्ट्र आपोआप झाला नाही, हेही त्याच ओघात येऊ द्या. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभरावर माणसं हुतात्मा झाली. मुंबईत फ्लोरा फाउंटनला त्यांचं स्मारक आहे, म्हणून त्याला हुतात्मा चौक म्हणतात. अमर शेख, अण्णा भाऊ साठे डफावर थाप मारून गावोगाव लोकांना उठवत होते. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे एरवी एकमेकांशी पटत नसतानाही एका व्यासपीठावर आले. तेव्हा राज्य २६ जिल्ह्यांचं होतं, आता ३६ आहेत. लातूरही १९८२ पर्यंत तुमच्याच जिल्ह्यात होतं. मुलांना हे फार आवडतं, मोठ्या भावाने वेगळं बिऱ्हाड केल्याची बातमी असते ती.

महाराज आधी की गांधीजी आधी, याचं उत्तर पाठांतराने येणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाला साडेतीनशे वर्षं म्हणजे 'लई पूर्वी', आणि सत्तर वर्षंही 'लई पूर्वी'च. त्याच्यासाठी काळ अंगाने मोजावा लागतो. मुलांना मैदानात ओळीने, हाताला हात धरून उभं करा. एक मूल म्हणजे एक पिढी, पंचवीस वर्षं. पहिलं मूल 'आज'. तिसरं आणि चौथं यांच्या मध्ये कुठेतरी १९६०. स्वातंत्र्य आणि गांधीजी चौथ्याच्या आसपास. राज्याभिषेक, ६ जून १६७४, यायला चौदा पिढ्या मागे जावं लागतं. मग विचारा, तेर कुठे येईल? तुमच्याच जिल्ह्यातलं तेर सातवाहनांच्या काळात मोठी बाजारपेठ होतं, रोमपर्यंत व्यापार चालायचा, आणि तिथल्या वस्तूसंग्रहालयात त्या काळातल्या वस्तू ठेवलेल्या आहेत. दोन हजार वर्षं म्हणजे ऐंशी मुलं. तुमचा पट ३४. शाळा संपते, अंगणवाडीतली पोरं आणून उभी केली, स्वयंपाकाच्या मावशी उभ्या राहिल्या, तरी सातवाहन काही येत नाहीत. हा काळ एकदा मुलांच्या डोक्यात बसला की निघत नाही. सनावळी नंतर त्यावर टांगता येते.

आता शिवाजी महाराजांचे धडे. अफजलखान, शाहिस्तेखान, आग्र्याहून सुटका, हे मुलांना आवडतंच. आवडू द्या, त्यात काही काटछाट करू नका. पुस्तकं बदलतात, पुढेही बदलतील, पण या गोष्टी राहतील. माझं म्हणणं एवढंच की लढायांमध्ये राज्य गडप होऊ देऊ नका. आपण पोरांना तलवार शिकवतो आणि कारभार वाऱ्यावर सोडतो. अष्टप्रधानांची यादी पाठ होते, पण ते दिवसभर करायचे काय, हे कुणी विचारत नाही.

त्यासाठी महाराजांचं एक पत्र वर्गात न्या. चिपळूणजवळ सैन्याची छावणी होती, पावसाळा तोंडावर होता. तिथल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पत्र पाठवलं. त्यात काय आहे? दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवायची आहे, आताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमचा असेल. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. असं केलंत तर रयतेला वाटेल यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि आगीला जपा. चुली जपून पेटवा, गवताजवळ तंबाखू ओढू नका, रात्री दिवे विझवून निजा, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल.

हे असंच, साध्या भाषेत, गोष्टीसारखं सांगा. उंदरापाशी वर्ग हसतो. तिथे थांबून विचारा: एवढ्या मोठ्या राजाने उंदराचा विचार का केला असेल? उत्तरं येतील. गवत जळलं तर घोडी काय खाणार? घोडी नसतील तर सैन्य कसं चालणार? गवत संपलं तर सैनिक कोणाच्या गंजीवर जाणार? एकेका उत्तराने मुलं राजाकडून रयतेपर्यंत येऊन पोचतात. शेतकऱ्याची मुलं आहेत तुमची, कडबा मार्चमध्ये संपला तर घरात काय होतं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यानंतर दारावरचे तीन प्रश्न. पैसा कुठून आला, याचं उत्तर कुणीतरी देईलच: शेतसाऱ्यातून, म्हणजे त्याच कुणब्याकडून. म्हणून तर त्याला राखायचं.

पुरंदरचा तहही असाच वापरता येतो. १६६५ ला महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ ठेवले. मुलं हिरमुसतात, 'हरले का मग?' हरले म्हणा हवं तर, पण पुढे काय केलं ते बघू. माघार घेणारा राजा मुलांना माणूस वाटतो. आणि समोर मोगलांच्या बाजूने तहाला बसला होता मिर्झाराजे जयसिंह, एक राजपूत. इकडे महाराजांच्या आरमारात दौलतखान. ही दोन नावं कुठलंही भाषण न करता एकमेकांशेजारी फळ्यावर लिहा. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला, आणि त्याला बोलणाऱ्या मुलांनाही, तेवढं पुरतं. राज्यं राज्यांशी लढत होती.

सहल काढायची तर नळदुर्गला काढा. तुम्हाला जवळ पडेल. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल आहे, पावसाळ्यात वरून धबधबे कोसळतात आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. बांधला कोणी? आदिलशाहीने. ज्या आदिलशहाला मुलं धड्यात नुसता शत्रू म्हणून ओळखतात, त्याच्या इंजिनिअरांनी त्यांच्याच जिल्ह्यात पाणी अडवलं. मुलांचा गोंधळ उडेल. उडू द्या, घाईने निस्तरू नका.

हिरकणीची आणि यशवंती घोरपडीची गोष्ट सांगावी का, असं बरेच शिक्षक विचारतात. सांगावी, रंगवून सांगावी. फक्त सुरुवात 'असं सांगतात की' अशी करावी, आणि पत्र वाचताना 'हे लिहिलेलं सापडलंय' असं म्हणावं. चौथीला साधनांची चिकित्सा वगैरे शिकवायची नसते, पण हा एवढा फरक कानाला सवयीचा झाला की पुढचं काम सोपं होतं.

रझाकारांचं. तुम्ही चूक काही केलं नाहीत, पण चार शब्द अपुरे पडले, आणि अपुऱ्या जागेत मुलं घरचं ऐकलेलं भरतात. पुढच्या सप्टेंबरला गोष्ट कारभारापासून सांगा. निजामाच्या राज्यात लोकांना राज्यकर्ते निवडायचा हक्क नव्हता. वरचं शिक्षण आणि कचेरीचं काम उर्दूत चालायचं, बहुसंख्य लोक बोलायचे मराठी, तेलुगू, कन्नड. लोकांनी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. रझाकार ही त्या राजवटीच्या बाजूने उभी राहिलेली सशस्त्र संघटना होती, तिने गावोगाव दहशत बसवली. आणि त्याच हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक होता. रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने तो लिहीत राहिला, म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्याचा खून झाला. हे नाव मुक्तिसंग्रामाच्या प्रत्येक भाषणात यायला हवं, आणि येत नाही. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या, म्हणजे भारतीय सैन्याच्या कारवाईनंतरच्या, दिवसांत काही ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांनाही सोसावं लागलं. ते मुलांना सांगायची गरज नाही, पण तुम्हाला ठाऊक असावं, म्हणजे ते पालक शांतपणे येऊन का बोलले हे कळेल. त्यांना पुढच्या झेंडावंदनाला मुद्दाम बोलवा, शाळा व्यवस्थापन समितीत घेता आलं तर आणखी बरं.

आता सरकार. तक्ता वरून खाली वाचला की मुलांना राज्यपाल हा सगळ्यात उंच माणूस वाटतो. तो उलटा करा. घरपट्टीच्या पावतीपासून सुरू करा. प्रत्येकाने घरून जुनी पावती आणायची (हरवू नये म्हणून झेरॉक्स चालेल, किंवा नुसती उतरवून आणली तरी चालेल). तिच्यावर ओळी असतात: घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. एकेक ओळ वाचायची आणि ती वस्तू गावात शोधायला बाहेर पडायचं. दिवाबत्ती म्हणजे तो चौकातला दिवा. मग कळतं, की खांब महावितरणचा आणि बल्ब ग्रामपंचायतीचा, म्हणून बल्ब गेला तर एकाकडे जायचं आणि तार तुटली तर दुसऱ्याकडे. मोठी माणसंसुद्धा यात चुकतात. ज्याची पावती थकलेली असेल त्याचं नाव वर्गात येणार नाही, एवढं बघा.

तोच खेळ शाळेत खेळा. ही इमारत जिल्हा परिषदेची. पुस्तक बालभारतीचं. खिचडीत केंद्राचा वाटा आहे आणि राज्याचाही. दारावरून जाणारी लाल एसटी राज्याच्या महामंडळाची, पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली होती. पोस्ट केंद्राचं. आणि तुम्ही स्वतः कोणाच्या? विचारा मुलांना, 'मला पगार कोण देतं?' उत्तरं ऐकण्यासारखी असतात. सरपंचापासून मोदींपर्यंत सगळे तुमचा पगार देऊन जातील. त्या मुलीला मग सांगता येईल, सरकार मुंबईत राहतं हे खरं, पण तू सध्या त्याच्याच बाकावर बसली आहेस.

मंत्र्यांची नावं पाठ करून घेऊ नका. तुमचा तक्ता चिकटेपर्यंत खातेवाटप बदलतं. पद शिकवा, माणूस बातम्यांत दिसतोच. कोणता पक्ष चांगला, हा प्रश्न आला तर 'मी मतदान केंद्रावर ड्युटीला असते, मला सांगायची परवानगी नाही' हे उत्तर खरंही आहे आणि पुरेसंही.

तुमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळ आहे का? असणारच. मला त्या प्रकाराचा राग आहे. हुशार मुलगी मुख्यमंत्री, उंच मुलगा क्रीडामंत्री, एका रकान्याचा फलक, आणि वर्षभर मंत्र्यांचं काम काय, तर फळा पुसणे. शिवाय मुख्यमंत्र्याला सगळी शाळा थेट मत देते, म्हणजे चुकीचंच शिकवतो आपण. गावात सरपंच थेट लोकांतून निवडून येतो, मुख्यमंत्री तसा येत नाही. विधानसभेत २८८ आमदार असतात, ज्याच्यामागे किमान १४५ उभे राहतील तो सरकार चालवतो. तुमच्या ३४ मुलांच्या पाच ओळी करा. प्रत्येक ओळीने चिठ्ठीवर मत देऊन एक प्रतिनिधी निवडायचा. पाचांपैकी तिघांनी ज्याला मानलं तो प्रमुख. उरलेल्या दोघांना दर बैठकीत प्रश्न विचारायचा हक्क, आणि प्रमुखाने उत्तर द्यायची सक्ती. पाचांतल्या तीन जागा मुलींसाठी राखून ठेवा. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी असतात, ते का, हा वाद मुलंच सुरू करतील, आणि मुलीच तो मिटवतील.

पण त्यांना ठरवायला काहीतरी खरं द्या. दोनशे रुपये द्या आणि सांगा, शनिवारच्या खेळासाठी काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, हिशेब परिपाठात वाचून दाखवा. चेंडू आणला आणि आठवड्यात फुटला, तर पुढच्या निवडणुकीत काय होतं ते बघा.

परीक्षेची काळजी तुम्हाला असेलच. वरच्यातलं काही रोज करायचं नाही. आठवड्याचा एक तास बाहेरचा, बाकीचे पुस्तकाचे. आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदींना तर हे उपक्रम सोन्यासारखे आहेत, केंद्रप्रमुखांना दाखवायला फोटो काढून ठेवा.

एक काम मात्र या सत्रातच करा. मुलांबरोबर गावातून फिरताना एखादी छोटी, होण्यासारखी अडचण हेरा. बंद हातपंप, चौकातला गेलेला बल्ब, शाळेच्या फाटकासमोरचा खड्डा. मुलांनी मिळून ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचा. प्रति, विषय, महोदय, मजकूर, दिनांक, सगळं रीतसर, खाली सगळ्यांच्या सह्या. तिसरीच्या कुणाला सही येत नसेल तर पूर्ण नाव. मग मुलांनीच तो कार्यालयात नेऊन द्यायचा. ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, अर्जावर तेच लिहा. अर्जाची दुसरी प्रत बरोबर हवी आणि तिच्यावर आवक क्रमांक घालून शिक्का मारून घ्यायचा. लहान मुलं बघून कारकून म्हणेल, 'ठेवा इथं, बघतो.' मुलांना आधीच शिकवून न्या, की हात जोडून म्हणायचं, 'साहेब, पोच द्या.'

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर स्मरणपत्र, त्यावर जुना आवक क्रमांक टाकून. तेही नाही झालं तर २६ जानेवारीची ग्रामसभा आहेच. मुलांना तिथे मत नाही, पण त्यांच्या आयांना आहे.

तुमची,
ताई